जुन्या वस्तऱ्यांची दुरुस्ती शिकणाऱ्यांसाठी: आधी मूठ ओळखा

घडीच्या जुन्या वस्तऱ्यांच्या दुरुस्तीकडे वळणारे बहुतेक नवशिके धारेवर भाळलेले असतात. मुंबईत हे काम करताना माझे मत मात्र असे झाले आहे की धार सरावाने साधते, खरा कस लागतो तो मुठीपाशी. मूठ म्हणजे पात्याला पोटात घेणाऱ्या दोन पातळ पट्ट्या. त्या शिंगाच्या, सेल्युलॉइडच्या किंवा बेकेलाइटच्या (ही दोन्ही जुन्या काळची प्लास्टिक), हाडाच्या किंवा हस्तिदंताच्या असतात आणि कोणते काम कितपत करायचे, हे त्यांच्यावरून ठरते.

पट्टी अंगठ्याने जोरात घासून लगेच हुंगावी. कापराचा वास आला तर ते सेल्युलॉइड समजावे. तापलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नये, कारण सेल्युलॉइड भपकन पेट घेते. हाडावर भिंगातून बारीक काळपट ठिपके दिसतात, हस्तिदंतावर ते दिसत नाहीत. हस्तिदंत आणि कासवाचे कवच यांचा व्यापार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतो, त्यामुळे चोर बाजारात मटण स्ट्रीटवर ‘अँटिक है साहब, कुछ नहीं होता’ असे कोणी कितीही सांगितले तरी अशा वस्तूला हात लावू नये.

सर्वाधिक पट्ट्या तडकतात त्या रिव्हेट, म्हणजे पाते आणि पट्ट्या जोडून ठेवणारी बारीक खीळ, काढताना आणि ठोकताना. म्हणून पाते नुसते डुगडुगत असेल तर जुने रिव्हेट काढूच नये. ऐरणीवर टेकवून त्याच्या डोक्यावर हलके ठोके दिले की पुष्कळदा ते पुन्हा आवळले जाते. काढणे भागच असेल तर वॉशरवर आलेले रिव्हेटचे घुमटासारखे डोके बारीक कानशीने सपाट करावे आणि रिव्हेट मागून हळूच बाहेर ढकलावे. थेट ड्रिल लावले तर ते घसरून पट्टीत शिरते. नवे रिव्हेट 1.6 मिलिमीटर जाडीच्या पितळी तारेचे करतात. ही तार, कानशी आणि वॉशर नागदेवी स्ट्रीटच्या परिसरात शोधल्यास मिळतात. तार वॉशरच्या वर अगदी किंचित उरेल इतकीच ठेवावी, कारण जास्त उरली तर ती आत वाकते आणि पट्टीला चिरते. हातोडी सोनाराची, हलकी घ्यावी आणि ठोके मध्यावर न देता तारेच्या कडेकडेने, वस्तरा फिरवत द्यावेत. दर काही ठोक्यांनंतर पाते मिटून पाहावे. ते दोन्ही पट्ट्यांच्या बरोबर मधोमध बसले पाहिजे, कारण एका बाजूला कलले तर मिटताना धार पट्टीवर घासते.

पात्याचा गंज काढताना बफिंगचे चाक मोहात पाडते, परंतु पातळ पाते त्यावर क्षणात तापते आणि धारेवर निळसर झाक आली की तिथले पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरले असे समजावे. पॉलिश पेपर आणि तेल हाताने वापरणेच बरे. दगडावर धार लावताना पात्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकलेली असावीत, आणि चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून पाते ओढावे. याहून अधिक शब्दांत शिकवता येत नाही.

मुंबईतला पावसाळा हा या धंद्यातला वेगळाच विषय आहे. दमट, खारट हवेत पुसून ठेवलेल्या पात्यावरही गंज धरतो, म्हणून पाते कोरडे करून त्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा पुसट हात फिरवावा. खोबरेल चिकट होते आणि खवट वास धरते. जुने सेल्युलॉइड कुजू लागले की त्यातून आम्लयुक्त वाफ सुटते आणि शेजारच्या पात्यांनाही गंजवते. असे वस्तरे हवाबंद डब्यात कोंडू नयेत, इतरांपासून दूर आणि हवेशीर ठेवावेत. शिंगाची अडचण निराळी: ते फार कोरडे पडले की तडकते आणि त्याला कीड लागते. गाईगुरांच्या पायांपासून काढलेले तेल त्यासाठी नावाजलेले आहे, परंतु ते लावण्यापूर्वी गिऱ्हाइकाला विचारावे, कारण काहींना ते चालत नाही.

केवळ वस्तऱ्यांवर पोट भरेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. सलूनमध्ये आता प्रत्येक गिऱ्हाइकासाठी बदलता येणारी ब्लेड वापरतात. आपल्याकडे येतात ते हौशी संग्राहक आणि आजोबांचा वस्तरा जपणारी कुटुंबे. कात्र्या आणि स्वयंपाकाच्या सुऱ्यांना धार लावण्याचे काम जोडीला ठेवावे, आणि मूठ नाजूक असेल तर ती तडकण्याचा धोका काम हाती घेण्यापूर्वीच पावतीवर लिहून द्यावा.