साथीच्या काळात मुलांना कसं सांभाळायचं: सुरुवात झोपेपासून करा

मार्च 2020 नंतर जगभरात शाळा बंद झाल्या आणि दीडशे कोटींच्या वर मुलं घरी बसली. बहुतेक मुलांना कोविड सौम्यच झाला म्हणून सगळे निर्धास्त, पण 2021 मध्ये अनेक देशांमधल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा साधारण चारातल्या एका मुलात डिप्रेशनची आणि पाचातल्या एकात अँक्झायटीची लक्षणं सापडली. अशी साथ परत आली, किंवा तुमचं मूल अजून त्यातून नीट सावरलेलं नसेल, तर काय करायचं ते लिहितेय.

माझं मत विचाराल तर पहिले झोप. शाळा बंद झाली की रात्री दोनपर्यंत मोबाईल, सकाळी अकराला उठणं, मग भूक नाही, अंगात उत्साह नाही आणि दिवसभर चिडचिड, आणि आपण म्हणतो मूल आळशी झालंय. झोपायची वेळ ठरवून भांडत बसू नका, उठायची वेळ ठरवा, रोज तीच, आणि उठल्या उठल्या उजेडात न्या. रात्रीची झोप हळूहळू आपोआप अलीकडे सरकते. 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास लागतात, टीनएजर्सना 8 ते 10. चार्जर बेडरूमच्या बाहेर, आणि हो, आईबाबांचा पण, नाहीतर मुलं ऐकणारच नाहीत.

मग शरीर. रोज 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी, सलग नसली तरी चालते, दोरीच्या उड्या, जिने, गाणी लावून नाच, काहीही. शक्य असेल तेव्हा गर्दी टाळून बाहेर मोकळ्यावर न्या कारण लॉकडाऊनमध्ये मुलांचे चष्म्याचे नंबर वाढले त्यात दिवसाचा उजेड न मिळणं हे मोठं कारण होतं, खिडकीतला उजेड त्यामानाने फारच कमी पडतो. राहिलेल्या लसींचं पण बघा, 2021 या एका वर्षात जगात अडीच कोटी मुलांचा घटसर्प-धनुर्वात-डांग्या खोकल्याचा निदान एक डोस चुकला. सहसा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेले डोस तेवढे घ्यायचे.

आता मन. लहान मूल "मला टेन्शन आलंय" असं म्हणत नाही, त्याचं पोट दुखतं, अंथरूण ओलं होतं, ते आईला चिकटून बसतं. मोठी मुलं दार लावून घेतात. समोर बसवून "काय झालंय तुला?" विचारलं की उत्तर येतं "काही नाही", विषय संपला. त्यापेक्षा कपड्यांच्या घड्या घालताना वगैरे, नजरेला नजर नसताना म्हणा, "हल्ली रात्री खूप वेळ जागी असतेस, डोक्यात काय चालू असतं गं?" आणि मग गप्प बसा, लगेच सल्ला देऊ नका. घरात कोणी गेलं असेल तर "झोपली" असं लहान मुलांना सांगू नका, ती झोपायलाच घाबरायला लागतात. गेली, आता परत येणार नाही, तिचं शरीर बंद पडलं, असं साध्या शब्दात सांगा, तेच तेच परत विचारतील, परत सांगा.

दोन आठवडे झाले तरी उदासी, न खाणं, मित्र तोडणं चालूच असेल तर डॉक्टर किंवा काउन्सेलर गाठा. जगण्याबद्दल नकोसं बोललं तर स्पष्ट विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे पक्कं माहीत आहे. उत्तर हो आलं तर त्याच दिवशी डॉक्टर, घरातली औषधं कुलपात, आणि मुलाला एकटं सोडू नका.

शाळा परत सुरू झाली की काही मुलं जायलाच घाबरतात. घरी ठेवत गेलं की भीती वाढत जाते, म्हणून टीचरशी आधी बोलून पहिले काही दिवस एक-दोन तासच पाठवा आणि दर आठवड्याला थोडा वेळ वाढवा.