अंतराळातून वीज आणण्याच्या योजनेचा हिशेब कागदावर कसा मांडावा

अंतराळात सौर पॅनेल उभारून तेथील वीज मायक्रोवेव्ह किंवा लेझरच्या झोताने पृथ्वीवर पाठवण्याच्या बातम्या आता वरचेवर येतात. अमेरिकी अभियंते पीटर ग्लेझर यांनी ही कल्पना १९६८ साली मांडली, तेव्हापासून तिच्यावर गंभीर काम झाले आहे. तरीही एखादी योजना कितपत शक्य आहे, हे ठरवण्यासाठी तज्ज्ञाच्या मताची वाट पाहण्याची गरज नाही. दहावीचे गणित, एक कोरा कागद आणि योजनेतील चार आकडे एवढ्या सामग्रीवर तिचा गाभा तपासता येतो. हे चार आकडे म्हणजे लहरींची वारंवारता, उपग्रहाचे अंतर, पाठवणाऱ्या अँटेनाचा व्यास आणि जमिनीवर मिळणारी वीज. बातमीत यांपैकी एखादा आकडा दिलेला नसेल, तर आधी तो शोधावा.

सुरुवात विजेपासून न करता आकारापासून करावी. कोणताही झोत कितीही नेमका सोडला तरी विवर्तनामुळे, म्हणजे लहरींच्या पसरण्याच्या मूळ गुणधर्मामुळे, तो पसरतोच, आणि हा पसारा तंत्रज्ञान सुधारल्याने टळत नाही. गोल अँटेनातून निघालेल्या झोताच्या मुख्य भागाचा जमिनीवरील व्यास काढण्यासाठी तरंगलांबीला (प्रकाशाच्या वेगाला वारंवारतेने भागले की ती मिळते) अंतराने आणि २.४४ ने गुणावे आणि येणाऱ्या संख्येला पाठवणाऱ्या अँटेनाच्या व्यासाने भागावे. सर्व मापे मीटरमध्ये घ्यावीत. अँटेनावर सर्वत्र सारखी शक्ती असेल, तर या वर्तुळात एकूण ऊर्जेचा सुमारे ८४ टक्के भाग येतो.

उदाहरण म्हणून अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने आणि नासाने १९७०च्या दशकाच्या अखेरीस तयार केलेला संदर्भ आराखडा घेऊ. त्यात वारंवारता २.४५ गिगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे ०.१२२४ मीटर होती. उपग्रह भूस्थिर कक्षेत, म्हणजे विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, जेथून तो आकाशात एकाच जागी दिसतो, आणि पाठवणारा अँटेना १ किलोमीटर व्यासाचा होता. गुणाकार-भागाकार केल्यावर उत्तर पावणेअकरा किलोमीटरच्या आसपास येते. आराखड्यातील रेक्टेना, म्हणजे जमिनीवर लहरी पकडून त्यांची वीज करणारा अँटेना, पूर्व-पश्चिम १० किलोमीटर रुंद होता. आपण कागदावर काढलेला आकडा आणि अभियंत्यांनी निवडलेला आकडा इतके जवळ येतात, याचा अर्थ त्या रचनेचा सांगाडा याच एका सूत्राने ठरला होता.

त्याच रेक्टेनाची उत्तर-दक्षिण लांबी १३ किलोमीटर होती, कारण विषुववृत्तावरच्या कक्षेतून येणारा झोत ३५ अंश अक्षांशावर सुमारे ४० अंश तिरका पडतो. वर्तुळाची लंबवर्तुळाकृती होते आणि लांबी सुमारे १.३ पट वाढते. मुंबई-पुण्याच्या १९ अंशांच्या आसपास हाच झोत फक्त २२ अंश तिरका पडेल आणि लांबी जेमतेम आठ टक्क्यांनी वाढेल. विषुववृत्ताच्या जवळ असल्याचा हा लाभ जागेच्या हिशेबात आवर्जून धरावा.

यानंतर मूळ सूत्रातील आकडे एकेक करून बदलून पाहावेत. वारंवारता ५.८ गिगाहर्ट्झ केली, तर तरंगलांबी ०.०५१७ मीटर होते आणि त्याच १ किलोमीटर अँटेनाने जमिनीवरचा व्यास साडेचार किलोमीटरवर येतो. याउलट अँटेना १०० मीटरचा केला आणि वारंवारता २.४५ ठेवली, तर व्यास १०७ किलोमीटर होतो. लहान उपग्रहाने भूस्थिर कक्षेतून मायक्रोवेव्हने एखाद्या गावाला वीज पुरवण्याचा दावा येथेच बाद होतो. दूर दूर विखुरलेल्या छोट्या अँटेनांनी मोठ्या अँटेनाचे काम होईल, असा युक्तिवाद कधी कधी वाचायला मिळतो. तसे केल्यास मधला झोत बारीक होतो हे खरे. परंतु रचनेचा जितका भाग रिकामा असतो, तितकी ऊर्जा झोताबाहेर पसरते, म्हणून त्या मार्गाने सुटका नाही.

आता झोताची तीव्रता काढावी. संदर्भ आराखड्यात ५ गिगावॉट वीज हवी होती. रेक्टेनाची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर त्यावर सुमारे ५.९ गिगावॉट पडले पाहिजेत. झोताला काटकोनात धरलेल्या १० किलोमीटर व्यासाच्या वर्तुळावर ते वाटले की सरासरी दर चौरस मीटरला ७५ वॉट येते. झोत मध्यभागी दाट असतो, म्हणून तेथे २३० वॉट आणि कडेला १० वॉट असे आकडे आराखड्यात होते. भर दुपारच्या उन्हाची तीव्रता सुमारे १,००० वॉट असते, तेव्हा मध्यभागीही झोत उन्हाच्या पावपट भरतो. २३० ही मर्यादा आयनमंडल (वातावरणाचा विद्युतभारित वरचा थर) तापण्याच्या भीतीने ठरवली होती. झोताचा व्यास मात्र शक्ती कमी केल्याने घटत नाही, म्हणून भूस्थिर मायक्रोवेव्ह योजना लहान प्रमाणात सुरू करता येत नाही. त्याच रचनेतून ५ गिगावॉटऐवजी ५० मेगावॉट पाठवले, तर जमीन तेवढीच लागते आणि सरासरी तीव्रता दर चौरस मीटरला एक वॉटच्याही खाली जाते. इतक्या क्षीण लहरींवर रेक्टेनातील लहरींची वीज करणारे डायोड नीट काम करत नाहीत. माझ्या मते या कल्पनेची सर्वांत मोठी अडचण हीच आहे आणि तिची चर्चा फार कमी होते.

सुरक्षिततेचा हिशेबही याच ठिकाणी करावा. सर्वसामान्य लोकांसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादा या वारंवारतेला दर चौरस मीटरला १० वॉट आहे, आणि आराखड्यातील कडेचा आकडा नेमका तेवढाच होता. भारताने मोबाइल टॉवरसाठी २०१२ साली लागू केलेली मर्यादा याच्या दहावा हिस्सा, म्हणजे १ वॉट होती. तोच निकष लावला, तर आपल्याकडे कुंपण रेक्टेनाच्या कडेपासून बरेच लांब घालावे लागेल, आणि ती जमीनही खर्चात धरली पाहिजे.

जमिनीची तुलना मात्र या योजनेच्या बाजूने जाते. रेक्टेनाच्या १० बाय १३ किलोमीटरच्या लंबवर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे १०२ चौरस किलोमीटर येते, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ४९ वॉट, तेही जवळजवळ अखंड. राजस्थानातील भडला सौर उद्यानाची क्षमता २,२४५ मेगावॉट आणि क्षेत्र सुमारे ५६ चौरस किलोमीटर आहे. तेथे पूर्ण क्षमतेने चालतानाही हा आकडा ४० वॉट येतो आणि रात्री शून्यावर जातो. ‘जवळजवळ’ म्हणण्याचे कारण असे की भूस्थिर उपग्रह दोन्ही संपातांच्या (दिवस-रात्र समान असण्याच्या दिवसांच्या) आसपास सुमारे दीड-दीड महिना रोज मध्यरात्रीच्या सुमारास पृथ्वीच्या सावलीत जातो, आणि ही सावली जास्तीत जास्त सुमारे ७० मिनिटे टिकते.

कार्यक्षमतेचा आकडा वाचताना तो कोठून कोठपर्यंत मोजला आहे, हे आधी विचारावे. १९७५ साली कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन येथे विल्यम ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीड किलोमीटरवर ३० किलोवॉटहून अधिक वीज पोहोचवली आणि रेक्टेनाची कार्यक्षमता ८० टक्क्यांहून अधिक निघाली. हा प्रयोग थोर आहे. मात्र प्रक्षेपक सुमारे ४५० किलोवॉटचा होता आणि रेक्टेनाचे क्षेत्रफळ २५ चौरस मीटरच्या आत होते, त्यामुळे पाठवलेल्या शक्तीपैकी वीज म्हणून हाती आलेला भाग आठ टक्क्यांपेक्षा कमी होता. ८० टक्के हा आकडा केवळ रेक्टेनावर पडलेल्या लहरींपुरता आहे. म्हणून कागदावर साखळीची प्रत्येक कडी वेगळी लिहावी: उन्हापासून वीज, विजेपासून लहरी, झोतातील गळती, वातावरण, रेक्टेना आणि शेवटी ग्रिड. संदर्भ आराखड्यात सुमारे ५० चौरस किलोमीटर पॅनेलवर दर चौरस मीटरला अंतराळातले १,३६१ वॉट ऊन धरले, तर ६८ गिगावॉट होतात. त्यातून ५ मिळतात, म्हणजे एकूण सुमारे ७ टक्के.

लेझरसाठी सूत्र तेच राहते, आकडे मात्र पूर्ण बदलतात. १ मायक्रोमीटर तरंगलांबी आणि २ मीटर व्यासाचा आरसा घेतला, तर भूस्थिर कक्षेतूनही जमिनीवरचा व्यास ४४ मीटरच येतो. ५०० किलोमीटर उंचीवरून १ मीटर आरशाने तो सव्वा मीटर होतो. लहान सुरुवात शक्य करणारा मार्ग हाच आहे. त्याची किंमत अशी की ढग लेझर अडवतात, त्यामुळे कोकणात जून ते सप्टेंबर या मार्गावर भिस्त ठेवता येणार नाही. दाट झोत डोळ्यांना धोकादायक असतो. आणि खालच्या कक्षेतील उपग्रह एका ठिकाणावरून काही मिनिटांतच निघून जातो, म्हणून अखंड पुरवठ्यासाठी उपग्रहांची माळ लागते. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण-संशोधन संस्थेने न्यू मेक्सिकोत ८.६ किलोमीटरवर लेझरने ८०० वॉटहून अधिक शक्ती ३० सेकंद पोहोचवल्याचे जाहीर केले. हा प्रयोग जमिनीवरून जमिनीवर झाला होता. २०२३ साली कॅलटेक या कॅलिफोर्नियातील विद्यापीठाच्या उपग्रहातील प्रयोगाने अंतराळात वायरविना ऊर्जा पाठवून दाखवली आणि पृथ्वीकडे सोडलेला क्षीण संकेत पॅसाडेना येथे टिपला गेला. त्यातून झोताची दिशा साधता येते हे सिद्ध झाले. वापरण्याजोगी वीज पोहोचवणे हा त्याचा हेतूच नव्हता.



शेवटची ओळ वजनाची असावी. उपग्रहाचे वस्तुमान जमिनीवर मिळणाऱ्या किलोवॉटने भागावे. संदर्भ आराखड्यातील सिलिकॉनच्या रचनेचे वजन सुमारे ५०,००० टन होते, म्हणजे दर किलोवॉटला १० किलो. त्या संख्येला दर किलोमागे भूस्थिर कक्षेपर्यंतच्या वाहतुकीच्या खर्चाने गुणले की भांडवलाचा सर्वांत मोठा भाग समोर येतो. नासाने जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही प्रक्षेपणाचाच खर्च सर्वाधिक ठरला. म्हणून नव्या योजनेत हा किलोचा आकडा दिलेला नसेल, तर तिने सांगितलेला विजेचा दर अजून तपासता येत नाही असे समजावे.