लेक आपली आपण झोपू लागली

लेक साडेतीन वर्षांची. मांडीवर थोपटल्याशिवाय तिचा डोळा लागायचा नाही आणि मध्यरात्री जाग आली की पुन्हा तीच मांडी हवी. म्हणून ती पेंगुळलेली, पण जागी असतानाच गादीवर ठेवू लागले. रडारड झालीच. मी शेजारी खुर्ची टाकून बसायचे. ती खुर्ची हळूहळू दाराकडे सरकवत नेली. दुपारची झोप तीनच्या आत आटोपली. (या वयाला 10 ते 13 तास झोप लागते, दुपारची धरून.) फोंड्यात पावसात लाईट गेली की सासूबाई म्हणायच्या, "घे गो तिला!" तेवढं ऐकलं नाही. चतुर्थीत मात्र आरत्यांपुढे कसली वेळ पाळणार? पाहुणे गेल्यावर खुर्ची पुन्हा पलंगापाशी आणली. या खेपेला मांडीची सवय लवकर सुटली.