काँग्रेसमनचं व्होटिंग रेकॉर्ड कसं वाचायचं आणि कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणून त्याला जाब कसा विचारायचा

माझ्या काँग्रेसमनला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतल्या माझ्या प्रतिनिधीला, मी पहिल्यांदा रागाने मेल लिहिला तो ग्रुपवर आलेला एक स्क्रीनशॉट बघून. त्यात होतं की यांनी सीमासुरक्षेच्या विरोधात मत दिलं, आणि खाली रोल कॉल (कोणी काय मत दिलं याची नावानिशी नोंद) नंबरसुद्धा होता, त्यामुळे मला ते पक्कं वाटलं. तो नंबर उघडून बघायचं मला सुचलं नाही. आठवड्याने ऑफिसातून दोन ओळींचं उत्तर आलं की ते मत 'प्रीव्हियस क्वेश्चन'वर होतं, म्हणजे चर्चा थांबवून पुढचं मतदान घ्यायचं की नाही एवढ्यापुरतं, आणि सीमेचं बिल त्या दिवशी सभागृहापुढे आलेलंच नव्हतं. उत्तर बरोबर होतं. मला जास्त लागलं ते हे की त्याच माणसाने त्याच वर्षी खर्चाच्या दोन अवाढव्य बिलांना हो म्हटलं होतं, जाब त्याचा विचारायला हवा होता, आणि मी माझं पहिलं पत्र चुकीच्या मतावर घालवलं.

तेव्हापासून मी जे शिकलो ते लिहितोय. अमेरिकेत मत देणारे आपल्यातले जे कोणी सरकार लहान असावं, खर्च आणि कर्ज आवाक्यात असावं, राज्यांचे अधिकार राज्यांकडे राहावेत असं मानतात त्यांच्यासाठी, पण दुसऱ्या बाजूच्या माणसालाही पद्धत हीच वापरता येईल.

रेकॉर्ड उघडायच्या आधी आपली मोजपट्टी कागदावर लिहून काढा. चार-पाच मुद्दे पुरे: खर्च आणि कर्ज, कर, न्यायाधीशांच्या नेमणुका, राज्यांचे अधिकार, गर्भपात किंवा बंदुका हा तुमचा विषय असेल तर तो. मग त्या माणसाने निवडणुकीत काय काय कबूल केलं होतं ते शेजारी लिहा. हे आधी करायचं कारण असं की नंतर केलं तर आपण आपल्या रागाला सोयीची मतं वेचतो, आणि समोरचा ते लगेच ओळखतो.

रेकॉर्ड मिळवणं अवघड नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेतच, पहिल्या कलमाच्या पाचव्या भागात, लिहिलंय की हजर सदस्यांपैकी एक पंचमांश लोकांनी मागणी केली तर कोणी हो म्हटलं आणि कोणी नाही ते नोंदवावं लागतं. काँग्रेसची दोन सभागृहं, हाउस आणि सिनेट. हाउसचे रोल कॉल त्याच्या क्लार्कच्या, म्हणजे नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, साइटवर मिळतात, सिनेटचे सिनेटच्या साइटवर, आणि बिलाचा सगळा प्रवास काँग्रेस डॉट गव्ह वर. एकदा बिलाचा नंबर हातात आला की बातम्या बाजूला ठेवा आणि मूळ पान बघा.

त्या पानावर सगळ्यात आधी 'क्वेश्चन' नावाची ओळ वाचायची, बिलाचं नाव त्यानंतर. बिलाचं नाव गोंडस असतंच, पण मत नेमकं कशावर होतं ते या ओळीत कळतं. बिल मंजूर करण्यावर होतं, एखाद्या दुरुस्तीवर होतं, बिल समितीकडे परत पाठवण्यावर होतं (हे बहुतेक वेळा अल्पमतातल्या पक्षाचं हत्यार असतं), विषय बाजूला ठेवण्यावर होतं, का सिनेटमध्ये चर्चा संपवायच्या क्लोचरवर होतं. प्रत्येकाचा अर्थ वेगळा. म्हणजे प्रोसिजरल मतं सोडून द्यायची असं अजिबात नाही, उलट खरं मत कधीकधी तिथेच लपलेलं असतं. १२ फेब्रुवारी २०१४ ला सिनेटमध्ये कर्जमर्यादा (सरकारने किती कर्ज घ्यायचं याची कायद्यातली मर्यादा) स्थगित करायचं बिल आलं. क्लोचरला ६० मतं लागत होती आणि डेमोक्रॅट्सकडे तेवढी नव्हती, म्हणजे रिपब्लिकन एकत्र राहिले असते तर बिल तिथेच अडकलं असतं. बारा रिपब्लिकन सिनेटर्सनी क्लोचरला हो म्हटलं, त्यात पक्षाचे सिनेटमधले नेते मिच मॅकॉनल आणि जॉन कॉर्निन दोघंही होते, क्लोचर ६७ विरुद्ध ३१ ने पास झालं, आणि लगेच पुढच्या मतदानात, जिथे साधं बहुमत पुरत होतं आणि त्यांच्या मताने काहीच बदलणार नव्हतं, तिथे त्याच बारा जणांनी नाही म्हटलं आणि बिल ५५ विरुद्ध ४३ ने मंजूर झालं. आता मतदाराला प्रचारात दाखवायला त्यांच्याकडे 'मी विरोध केला' हे खरंखुरं मत आहे. त्यांची बाजूही आहे, की मर्यादा वाढली नसती तर देशाचे पैसे देणं थांबलं असतं, आणि ती बाजू मी हलकी मानत नाही. पण मग दुसऱ्या मतदानातही हो म्हणा आणि लोकांना कारण सांगा.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न हा: त्या मताची त्याला काही किंमत पडली का? ज्या मताचा निकाल आधीच ठरलेला असतो ते मत फुकटचं. ओबामाकेअरचंच, म्हणजे ओबामांच्या आरोग्यविम्याच्या कायद्याचंच, घ्या. डिसेंबर २०१५ मध्ये सिनेटने तो कायदा मोठ्या प्रमाणात रद्द करणारं बिल ५२ विरुद्ध ४७ ने पास केलं, हाउसनेही केलं, आणि ८ जानेवारी २०१६ ला ओबामांनी व्हेटो केला. व्हेटो होणार हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होतं. दीड वर्षाने, २६ जुलै २०१७ ला, जवळपास तोच मजकूर पुन्हा सिनेटपुढे आला आणि या वेळी व्हाइट हाउसमध्ये सही करायला तयार असलेला अध्यक्ष होता. ४५ विरुद्ध ५५ ने पडला. सात रिपब्लिकन नाही म्हणाले: अलेक्झांडर, कॅपिटो, कॉलिन्स, हेलर, मॅकेन, मर्कोव्स्की आणि पोर्टमन. यातल्या सुझन कॉलिन्स यांनी २०१५ लाही नाहीच म्हटलं होतं, म्हणजे त्यांच्याशी माझं मत जुळत नाही पण त्यांनी मला फसवलं असं मी म्हणू शकत नाही. बाकीच्या सहा जणांनी व्हेटोची खात्री असताना हो म्हटलं आणि कायदा खरंच बदलणार होता तेव्हा नाही. त्यांच्या राज्यातल्या मेडिकेडवरच्या (गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्यावरच्या) लोकांचं काय, ही अडचण त्यांनी सांगितली होती आणि ती खरीच होती, फक्त ती २०१५ मध्येही तितकीच खरी होती.

दोन दिवसांनी, २८ जुलैला, मॅकेन यांनी अंगठा खाली केला आणि त्याहून छोटं बिल ४९ विरुद्ध ५१ ने पडलं, ते सगळ्यांना आठवतं कारण ते टीव्हीवर दिसलं. पण रेकॉर्ड वाचायला शिकायचं असेल तर २०१५ आणि २०१७ ची ती दोन पानं शेजारी-शेजारी उघडून बसा.

गणितही करून बघा. ५ नोव्हेंबर २०२१ ला हाउसमध्ये सुमारे १.२ ट्रिलियन डॉलरचं इन्फ्रास्ट्रक्चर बिल २२८ विरुद्ध २०६ ने पास झालं, त्यात १३ रिपब्लिकन हो म्हणाले आणि ६ डेमोक्रॅट नाही. ते १३ नाही म्हणाले असते तर आकडा २१५ विरुद्ध २१९ होतो. म्हणजे तुमचा माणूस त्या तेरातला असेल तर 'माझ्या मताने काय फरक पडला असता' हे उत्तर त्या दिवशीच्या आकड्यांपुढे टिकत नाही. याउलट शंभर मतांनी पास झालेल्या बिलावरचं एक मत हे भूमिका सांगतं, परिणाम सांगत नाही, तेव्हा टीका करताना शब्दही तसेच वापरा.

मोठ्या एकत्रित बिलांबद्दल जरा सांभाळून. डिसेंबर २०२० चं खर्चाचं बिल ५,५९३ पानांचं होतं आणि सदस्यांना ते हातात पडल्यावर काही तासांतच त्यावर मत द्यायचं होतं. अशा बिलात सगळंच असतं, त्यामुळे हो म्हणणाऱ्याच्या माथी कुठलीही वाईट ओळ मारता येते आणि नाही म्हणणारा सैनिकांच्या, लहान मुलांच्या, आजारी माणसांच्या विरोधात होता असंही म्हणता येतं. हे आपल्या माणसांवर केलं की आपल्याला राग येतो, मग आपणही ते करू नये. टीका करायची ती पूर्ण सौद्यावर करा: एवढा खर्च, एवढ्या घाईत, न वाचता, याला तुम्ही हो का म्हटलं. २००८ चं बँकांना वाचवायचं ७०० अब्ज डॉलरचं बिल २९ सप्टेंबरला हाउसमध्ये २०५ विरुद्ध २२८ ने पडलं, मग सिनेटने त्यात बरंच काही जोडलं, अगदी लहान मुलांच्या लाकडी बाणांवरच्या कराची सूटसुद्धा, आणि ३ ऑक्टोबरला ते २६३ विरुद्ध १७१ ने पास झालं. चार दिवसांत ज्यांनी नाहीचं हो केलं त्यांना विचारायचा प्रश्न सरळ आहे, की मधल्या काळात बिल कमी खर्चाचं झालं होतं का. बाण त्यांनी मागितले होते असं म्हणणं मात्र खोटं ठरेल.

'नाही' वाचताना घाई नको. बहुमताच्या नेत्याचं नाही कधीकधी फक्त नियमासाठी असतं, कारण हरलेला विषय पुन्हा मतदानाला आणायचा हक्क राखायला जिंकणाऱ्या बाजूने मत द्यावं लागतं. एप्रिल २०१३ मध्ये सिनेटमध्ये बंदूक खरेदीआधीच्या तपासणीची दुरुस्ती, ६० मतं लागत असल्यामुळे, ५४ विरुद्ध ४६ वर अडली तेव्हा डेमोक्रॅट्सचे बहुमताचे नेते हॅरी रीड यांचं नाही असलंच होतं, ते दुरुस्तीच्या बाजूचेच होते. आणि हाउसमधल्या रिपब्लिकन थॉमस मॅसींसारखे काही जण बिल पुरेसं कॉन्झर्व्हेटिव्ह नाही म्हणून नाही म्हणतात, तेव्हा 'पक्षासोबत इतके टक्के' हा आकडा बघून एखाद्याला मऊ ठरवू नका. पक्षनिष्ठा वेगळी आणि तत्त्वनिष्ठा वेगळी, पक्षच खर्च करत असेल तर शंभर टक्के पक्षासोबत असणं ही काळजीची गोष्ट आहे.

स्कोअरकार्डं, म्हणजे संघटनांनी सदस्यांच्या मतांना दिलेले गुण, सुरुवातीला उपयोगी आहेत. अमेरिकन कॉन्झर्व्हेटिव्ह युनियनने १९७१ पासून गुण द्यायला सुरुवात केली, क्लब फॉर ग्रोथ आर्थिक मतं बघतं, हेरिटेज ॲक्शनचं वेगळं. पण गुण देणाऱ्याने मोजकी मतं निवडलेली असतात, ती कुठली निवडली ते बघा, कारण ७० आणि ८५ मधला फरक कधीकधी दोन-चार मतांचाच असतो. 'यांचे ६२ टक्के' हा पुरावा नव्हे, ज्या मतांवर गुण गेले ती मतं हा पुरावा.

कधी रेकॉर्डच नसतं. मार्च २०२० मधला सुमारे २.२ ट्रिलियन डॉलरचा केअर्स ॲक्ट (कोरोनाच्या मदतीचा कायदा) सिनेटमध्ये ९६ विरुद्ध शून्य ने गेला, पण हाउसमध्ये तो आवाजी मतदानाने पास झाला. मॅसींनी नोंदवलेलं मत मागितलं तर वर सांगितलेला एक पंचमांशाचा आकडा भरला नाही. त्यामुळे त्या वेळच्या कुठल्याही हाउस सदस्याबद्दल 'याने केअर्स ॲक्टला मत दिलं' असं लिहिलंत तर ते दाखवता येणार नाही. नोंद मागायला उभे का राहिला नाहीत, हे मात्र विचारता येतं. गैरहजेरी आणि 'प्रेझेंट' (हजर, पण ना हो ना नाही) यांचंही तसंच, एखाददुसरं सोडून द्या, घरी कोणी आजारी असू शकतं, पण कठीण मतांच्या दिवशीच माणूस गायब असेल तर तारखा एकाखाली एक लिहा.

आता लिहायचं कसं. बिल, तारीख, प्रश्न काय होता, त्याचं मत, निकालाचा आकडा, त्याने आधी काय सांगितलं होतं, आणि त्याचं स्पष्टीकरण त्याच्याच शब्दांत. स्पष्टीकरण गाळू नका, ते त्याच्या साइटवर बहुतेक वेळा असतंच. मी एखाद्या सिनेटरला लिहीन ते असं: 'आपण १२ फेब्रुवारी २०१४ ला कर्जमर्यादेच्या बिलावर क्लोचरला हो म्हटलंत आणि मंजुरीला नाही. क्लोचर पास झाल्याशिवाय बिल पुढे गेलं नसतं. प्रचारात आपण फक्त दुसरं मत सांगता. पहिल्याचं कारण मला हवं आहे.' एवढंच. शिव्या नाहीत, देशद्रोही वगैरे नाही, नियत काढायची नाही कारण नियत रोल कॉलमध्ये नोंदलेली नसते.

आपल्या लाडक्या माणसालाही हीच पट्टी लावा. नोव्हेंबर २००३ मध्ये मेडिकेअरमध्ये (वयस्कांच्या सरकारी आरोग्यविम्यात) औषधांचा खर्च घालायचं बिल आपल्याच रिपब्लिकन पक्षाच्या नेतृत्वाने हाउसमध्ये पहाटे जवळजवळ तीन तास मतदान उघडं ठेवून २२० विरुद्ध २१५ ने पास करून घेतलं. फक्त २५ रिपब्लिकन नाही म्हणाले, त्यात माइक पेन्स होते. सरकारच्या खर्चावर भाषणं देणारे त्या रात्री हो म्हणालेले कितीतरी जण होते आणि मी स्वतः तेव्हा त्यांच्याविरुद्ध एक शब्द लिहिला नाही, कारण ते आपले होते.

वेळ पण बघा. एकाच पक्षाचं वर्चस्व असलेल्या मतदारसंघात जागा प्रायमरीतच, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या निवडणुकीतच, ठरते, नोव्हेंबरमध्ये लिहून तुम्ही फक्त समोरच्या पक्षाला मदत करता. राज्याची प्रायमरीची तारीख आणि उमेदवारी भरायची शेवटची तारीख आधी शोधा, आणि तुमचं पान उमेदवारी भरायच्या आधी लोकांच्या हातात जाऊ द्या, म्हणजे दुसऱ्या कोणाला उभं राहायचं असेल तर त्याला वेळ मिळतो. पहिली प्रत त्याच्याच ऑफिसात पाठवा, दोन आठवडे द्या, उत्तर आलं तर ते तसंच्या तसं खाली जोडा, आणि तुमची चूक निघाली तर ती ओळ खोडून बाकीचं ठेवा.