लॉयलिस्ट पूर्वज शोधताय? या चुका टाळा

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडच्या राजाची बाजू धरून १७८३ च्या आसपास कॅनडात आलेले ते लॉयलिस्ट. ओंटारिओतल्या काही मराठी घरांत सून किंवा जावई अशा जुन्या घराण्यातले असतात, आणि नातवंडं वंशवृक्ष मागतात.

बहुतेक जण सुरुवातच उलटी करतात. राजाच्या बाजूने लढलेल्या 'बटलर्स रेंजर्स' या पलटणीच्या हजेरीपटात आडनाव दिसलं की तिथून खाली उतरत आजोबांपर्यंत येतात. पण पटावरचा जॉन स्मिथ तुमचाच कशावरून? आजीच्या जन्मदाखल्यापासून निघा आणि प्रत्येक पिढी कागदाने जोडत मागे जा. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांसारखी नामावळी इथे कुणी उघडून देत नाही.

घोडं अडतं ते मधल्या काळात. ओंटारिओत जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली १८६९ मध्ये, आणि १८५१ च्या आधीच्या जनगणनांत बहुधा फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव. इथे कामी येतात अप्पर कॅनडातले, म्हणजे तेव्हाच्या ओंटारिओतले, जमिनीचे अर्ज. लॉयलिस्टाच्या मुलांना, आणि मुलींनाही, २०० एकर जमीन मागता येई. त्यामुळे लग्न झालेली लेक अर्जात नवऱ्याचं आणि बापाचं, दोघांचंही नाव लिहायची. दोन पिढ्या एकाच कागदावर! फक्त बापाच्या आडनावाने शोधणाऱ्याच्या हातून नेमका हाच कागद निसटतो. जावयाचं आडनावही घालून पाहा. स्पेलिंगवर तर अजिबात विसंबू नका. न्यूयॉर्कमधल्या मोहॉक खोऱ्यातून आलेल्या जर्मन घराण्यांची नावं कारकुनांनी कानावर पडली तशी लिहिली.

सैन्यात होता म्हणून लॉयलिस्ट, असंही नाही. ब्रिटनहून आलेल्या पलटणीतला शिपाई वेगळा, वसाहतीतच राहणारा आणि तिथेच भरती झालेला वेगळा. १८१२ च्या अमेरिका-ब्रिटन युद्धातला मिलिशियावाला (स्थानिक नागरिकांच्या फौजेतला) तर पुढच्या पिढीचा. १७९० नंतर जमिनीच्या आशेने आलेल्यांना 'लेट लॉयलिस्ट' म्हणतात, पण त्या नावाला भुलू नका, ते खरे लॉयलिस्ट नव्हेत. लॉयलिस्टांच्या जुन्या सरकारी यादीत काही नावांपुढे 'रद्द' किंवा 'स्थगित' असे शेरेही आहेत, तेही वाचा.

कृष्णवर्णीय लॉयलिस्टांसाठी आधी १७८३ चं 'बुक ऑफ नीग्रोज' पाहा. न्यूयॉर्कहून निघालेल्या सुमारे ३,००० जणांची त्यात नोंद आहे, जहाजाच्या नावासकट. पुढे कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात, जिथे त्यातले बरेच जण उतरले, माग हरवला, तर सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउनच्या नोंदी धुंडाळा. १७९२ मध्ये जवळपास १,२०० जण तिकडे गेले.