पहिल्यांदा चर्चमध्ये संदेश देताय? मग हे आधी वाचा ताई

सोलापुरात रविवारच्या उपासनेत बाईनं संदेश (प्रवचन) द्यायचं ठरलं की कुणीतरी बायबलातलं १ तीमथ्य २:१२ (बाईनं शिकवू नये म्हणणारं वचन) काढतंच की वो, म्हणून ते वचन टाळू नका, आधी तेच अख्खं पत्र वाचून काढा, कुणाला आणि कशासाठी लिहिलंय ते बघा. मग १ करिंथ १४:३४ ला बायांनी गप्प राहा म्हणतो तोच प्रेषित पौल त्याच पत्रात ११:५ मध्ये बाया प्रार्थना करतात, संदेश देतात हे धरूनच चालतो, हे दोन्ही शेजारी ठेवा. प्रेषितांची कृत्ये १८:२६ मध्ये प्रिस्किल्ला नवऱ्यासोबत अपुल्लो या प्रचारकाला शिकवते, रोमकरांस १६:१ मधली मंडळीची सेविका फीबी पण सोडू नका. (पंडिता रमाबाईंनी तर अख्खं बायबल मराठीत आणलं!) पाळकांशी (चर्चच्या धर्मगुरूंशी) आधी बोला. संदेश मात्र वादावर नको, त्या रविवारच्या वचनावरच, वीस मिनिटांत आटपा, उन्हाळ्यात पंखे बंद पडले की कोणी ऐकत नाही.