फॉर्ममधलं शून्य आणि रिकामा रकाना

पणजी-पर्वरीकडच्या छोट्या कंपन्यांत नव्यानं लागलेल्यांच्या वाट्याला बहुतेकदा आधी फॉर्मच येतात. समजा, काणकोणच्या एखाद्या होमस्टेचं बुकिंग आहे : नाव, तालुका, सोबत मुलं किती. जावास्क्रिप्टमध्ये 'इफ (!मुलं)', म्हणजे 'मुलं नसतील तर', लिहिलं की रिकामं पकडलं, असं वाटतं. पण ही अट फॉल्स, शून्य, रिकामी स्ट्रिंग (मजकूर), नल (मुद्दाम ठेवलेलं रिकामं), अनडिफाइन्ड (किंमतच न दिलेलं) आणि नॅन ('संख्या नाही') या सगळ्यांना एकाच मापानं मोजते, सगळ्यांना 'खोटं' धरते. ज्यांच्याबरोबर मुलं नाहीत त्या पाहुण्यानं 0 लिहिलं, तर तेही उत्तरच आहे.

गोंधळ वाढतो तो रूपांतरामुळे. इनपुटच्या रकान्यातून येते ती नेहमी स्ट्रिंग. "0" ही स्ट्रिंग खरी धरली जाते, म्हणून अट गप्प बसते; संख्या करायला नंबर() लावला की तेच शून्य खोटं ठरतं. त्यातून नंबर("") चं उत्तरही शून्यच! म्हणजे आधी रूपांतर केलं, तर न भरलेला रकाना आणि भरलेलं शून्य वेगळं काढायची सोयच उरत नाही. म्हणून क्रम असा : आधी कडेच्या स्पेस काढणारा ट्रिम(), मग === "" अशी तपासणी, मग नंबर(), शेवटी नंबर.इजनॅन(). ट्रिम विसरलात तर नुसती स्पेस दाबलेलं नावही पास होतं. आणि साध्या टेक्स्टच्या रकान्यात कुणी देवनागरी '२' टाइप केला, तर हाती नॅन येतो. नॅन स्वतःशीही जुळत नाही, त्यामुळे === नं तो सापडणार नाही.

सर्वरकडून आलेल्या जेसनची (माहिती पाठवायच्या मजकुरी साच्याची) गोष्ट वेगळी. तिथे नल असू शकतो, आणि 'की' (माहितीच्या तुकड्याचं नाव) नसेलच तर अनडिफाइन्ड मिळतो. '== नल' एवढ्यानं दोन्ही सापडतात; दोन बरोबर-चिन्हं वापरावीत अशी ही जवळपास एकमेव जागा.

रिकामा अ‍ॅरे (यादी) मात्र खरा असतो, तिथे लेंग्थच (लांबी) बघावी. रिकाम्या ऑब्जेक्टसाठी (नाव-किंमत जोड्यांच्या संचासाठी) ऑब्जेक्ट.कीज(), पण त्याआधी नल बाजूला काढा, नाहीतर टाइपएरर येतो. प्रकार सांगणाऱ्या टाइपऑफवर विसंबू नका, तो नललाही 'ऑब्जेक्ट'च म्हणतो.

सगळ्यांसाठी एकच 'इजएम्प्टी' फंक्शन लिहायचा मोह आवरा. किंमत नसेल तेव्हा ठरलेली (डीफॉल्ट) किंमत द्यायला || ऐवजी २०२० मध्ये आलेला ?? बरा, कारण तो शून्याला हात लावत नाही. अर्थात रिकाम्या स्ट्रिंगलाही लावत नाही. || आणि ?? कंसाशिवाय एकत्र लिहिले तर थेट सिंटॅक्सएरर मिळतो.